गाडी सेल्फ घेताना वाजते : अडीच महिन्यांत तीन आवाज



आज पिकाचं काही नाही. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण टोमॅटोचे तोडे चालू होते. आता शेवटचा तोडा झाला, तार-बांबू काढायचं काम निघालंय, आणि दोन दिवस पावसाने शेतात पाय घालता येत नाही. म्हणून गाडीबद्दल लिहितो. गाडी म्हणजे आपली जुनी पिकअप. डिझेल, चार सिलेंडर. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावावरून नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो न्यायचा, येताना खत-औषध आणि गायींची पेंड आणायची, आणि रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडलं तर ॲम्ब्युलन्स पण तीच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. बराचसा माझाच होता. ते पुढे येईल.

मी मिस्त्री नाही. दहावी पास, त्यात विज्ञानाला काठावर. जे घडलं आणि ज्यातून शिकलो तेवढं सांगतो. तुमच्यातले जे मेकॅनिक आहेत त्यांनी चुकलं असेल तर सांगा.

सुरुवात झाली एप्रिलमध्ये. सकाळी चावी फिरवली की इंजिन फिरायच्या आधी नुसता "टक" असा आवाज. दुसऱ्यांदा चावी मारली की गाडी चालू. मी म्हटलं, जुनी झाली, माणसाचे गुडघे नाही का वाजत. पुढे आठ दिवसांनी एका टकचे चार-पाच टक झाले. टकटकटकटक, कोंबडी पत्र्यावर चोच मारते तसं. हॉर्न मात्र खणखणीत, दिवे पण चांगले. गॅरेजला नेली. त्या दिवशी गॅरेजवाल्याला गर्दी होती. त्याने बॉनेट उघडलं, चावी मारून बघितली, मीटर काही लावला नाही. म्हणाला, "काका, बॅटरी गेली." जुनी बॅटरी दोन वर्षांची होती. ती बदल्यात देऊन वर ६२०० रुपये गेले. गाडी पहिल्या टिचकीला चालू झाली. मी खूश.

तीन आठवडे चांगले गेले. मग पुन्हा टक.

आता इथे माझी पहिली चूक. पहिला टक ऐकला त्याच दिवशी बघायला पाहिजे होतं. पण तोडे चालू झालेले, बायका-माणसं शेतात, कोण बघतंय. मे महिन्याच्या शेवटी एका पहाटे ६० क्रेट भरून ठेवले, वरून ताडपत्री बांधली, चावी मारली तर टकटकटक. पाच मिनिटं थांबून परत मारली, तेच. गाडी भरलेली, वीस किलोच्या हिशोबाने बाराशे किलो माल, वर गाडीचं वजन. ढकलणार कोण? शेवटी शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर बोलावला आणि दोर लावून ओढून चालू केली. मार्केटला पोचायला दोन तास उशीर. तोवर आवक वाढली होती. सकाळी ज्याने आमच्याच शिवारातला माल नेला त्याच्यापेक्षा क्रेटमागे तीस रुपये कमी मिळाले. साठ क्रेटचे अठराशे. परत ट्रॅक्टरवाल्याला चहा-नाश्ता वेगळाच.

त्या दिवशी दुसऱ्या गॅरेजला विचारलं तर त्याने न बघता फोनवरच सांगितलं, "सेल्फ गेला असेल, नवीन टाकू." मी म्हटलं थांब. बॅटरीवर पैसे घालून झालेत, आता सेल्फवर घालायचे, उद्या अजून कशावर. हे म्हणजे टोमॅटोचं बूड काळं पडलं की कॅल्शियम मारा, परत पडलं की परत मारा, असं झालं. बऱ्याच वेळा कॅल्शियम जमिनीत असतंच, पाणी कमी-जास्त झाल्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. कृषी सहायकांनी आम्हाला हे दहा वेळा सांगितलंय. माझ्या डोक्यात आलं, इथे पण करंट आहे की नाही हा प्रश्न वेगळा आणि पोचतोय की नाही हा वेगळा.

झटका मशीनची बॅटरी तपासायला मी एक साधा मल्टीमीटर घेऊन ठेवला होता. तो काढला.

आधी हा टक आवाज कुठून येतो ते सांगतो. सेल्फच्या अंगावर एक छोटा डबा असतो, त्याला सोलेनाइड म्हणतात. चावी फिरवली की तो दोन कामं करतो. सेल्फचं लहान दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनच्या मोठ्या रिंगमध्ये अडकवतो, आणि सेल्फच्या मोटरला मोठ्या करंटची वाट उघडून देतो. टक हा त्याच्या आत खेचल्याचा आवाज. करंट भरपूर असला तर टक होतो आणि लगेच मोटर फिरते, म्हणून तो वेगळा ऐकू येत नाही. करंट कमी पडला तर डबा आत खेचतो, मोटरने ओढ घेतली की व्होल्टेज बसतं, डबा सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत खेचतो. म्हणून टकटकटक. सलग टकटक म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली नाहीतर कुठेतरी जोड खराब. आणि नुसता एकच जोरदार टक, दिवे पण मंद न होता, असा असला तर सोलेनाइडच्या आतले काँटॅक्ट नाहीतर सेल्फचे कार्बन बघायचे. हे पक्कं गणित नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

मग हॉर्न-दिवे कसे चालू? याला आपल्या ड्रिपचंच उदाहरण देतो. फिल्टरच्या आधी एक प्रेशरचं घड्याळ आणि नंतर एक. फिल्टर तुंबलेला असला तरी पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू केली तर दोन्ही घड्याळं सारखंच दाखवतात. कारण पाणी वाहतच नाही. व्हॉल्व्ह उघडले की मग पुढचं घड्याळ खाली बसतं. हॉर्न-दिव्यांना दहा-बारा अँपिअर पुरतात. डिझेल गाडीचा सेल्फ एका झटक्यात दोनशेच्या आसपास ओढतो. खराब जोडातून दहा अँपिअर आरामात जातात, दोनशे जात नाहीत. म्हणून मीटर नुसता लावून उपयोग नाही, सेल्फ फिरत असताना लावायचा.

पोराने डिझेल बंद करणाऱ्या कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. उभी असताना बॅटरी १२.४ दाखवत होती. पूर्ण भरलेली १२.६ च्या पुढे दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी समजा. तो चावी मारी आणि मी बघे. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर सेल्फ फिरताना १०.६. वाईट नाही, साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायचा. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं. इथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे, फार तर अर्ध्या व्होल्टच्या आत. आलं १.७!

म्हणजे पावणेदोन व्होल्ट वाटेतच मरत होते.

बॅटरीच्या मायनसची एक वायर चेसीला जाते, आणि इंजिन-गिअरबॉक्स रबराच्या पायांवर बसलेलं असल्यामुळे चेसीपासून इंजिनला वेगळी विणलेली तांब्याची पट्टी असते, अर्थिंगची. ती शोधायला गाडीखाली गेलो. पट्टी होती, पण हात लावला तर भुसा. निम्म्या तारा तुटलेल्या, बोल्टखाली गंज. माझा अंदाज असा की खताच्या फुटलेल्या गोण्या, विद्राव्य खताचं सांडलेलं पाणी, ते सगळं त्याच बाजूने खाली गळतं. वर्षानुवर्षं आपण गाडी वरून धुतो, खालून कोण धुतंय.

नवीन पट्टी २५० रुपयांची. बोल्टची जागा कानस आणि पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासली, पट्टी बसवली, वरून ग्रीस. बॅटरीच्या टर्मिनलवर पण निळा-हिरवा फुलोरा आला होता. तो ओळखा बरं. मोरचूदच तो. ॲसिडने तांब्याची वायर खाल्ली की मोरचूद तयार होतं. बोर्डो करताना आपण त्याची आम्लता मारायला चुना घालतो, इथे खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासायचं, फसफसायचं थांबेपर्यंत. ते पाणी बॅटरीच्या भोकात जाऊ द्यायचं नाही. आणि टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला लागला तर काय होतं ते एकदा बघितलंय मी, परत बघायचं नाही. बिडी-काडी पण लांब ठेवा, चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो.

परत मीटर लावला, १.७ चे ०.२ झाले. सेल्फ असा फिरला की नवीन गाडी. मी पोराला अर्धा तास भाषण दिलं. गावात पण दोघा-तिघांना सांगितलं. लोकांची अक्कल काढली.

आठ दिवसांनी सकाळी बॅटरी १२.१.

टकटक नव्हतं, गाडी घेत होती, पण मी आता रोज सकाळी मीटर लावायला लागलो होतो. रोज मार्केटला तीस-चाळीस किलोमीटर येणं-जाणं होतंय, बॅटरी नवीन, अर्थिंग चांगलं, मग उतरते का? एका झाडावर करपा पण असतो आणि नागअळी पण असते. एक गेला म्हणजे झाड बरं झालं असं नाही.

संध्याकाळी जेवताना पोराची आई म्हणाली, "अहो, गाडी चालू झाल्यावर ती चीं करते ते बघा की एकदा."

"कुठं चीं करते? काय नाय."

"रोज सकाळी करते. मी धार काढत असते, गायी कान टवकारतात."

मी म्हटलं टिटवी ओरडत असेल. पोरगा ताटातून मान वर न करता म्हणाला, "करते, अण्णा. पट्ट्याचा आवाज आहे. मी तुम्हाला मागच्या महिन्यात बोललो होतो." खरं सांगतो, मला त्याचं बोलणं आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेट उघडून समोर उभा राहिलो. पोराने चावी मारली. इंजिन चालू झालं, धडधड ऐकू आली. बाकी काही नाही. मी हाताने विचारलं, कुठे? पोरगा खिडकीतून ओरडला, "आता! आता करतेय!" गोठ्याच्या दारातून ती पण बोट दाखवत होती. मी इंजिनवर वाकलो, कान पुढे केला. काही नाही. मग दोघंही म्हणाले, "थांबला."

मला राग आला. दोघं मिळून माझी थट्टा करताहेत असं वाटलं. पोराने मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं, ते मोठ्या आवाजात लावलं. त्यातही मला धडधडच. ते रेकॉर्डिंग त्याने ओळखीच्या मिस्त्रीला पाठवलं, त्याचं दोन मिनिटांत उत्तर, "बेल्ट सैल आहे. वाढवा नाहीतर बदला." म्हणजे पंचवीस किलोमीटरवर बसलेल्या मिस्त्रीला फोनमधून ऐकू आलं, आणि मला बॉनेटमध्ये डोकं घालून नाही.

त्यावर त्या दिवशी मी काही बोललो नाही. इंजिन बंद करून पट्टा बघितला. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर इंचाच्या वर आत गेला. अर्धा इंच, किंवा त्याच्या थोडं आतच दबायला पाहिजे. पट्ट्याच्या आतल्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. तसा पट्टा नुसता ताणून चालत नाही. नवीन टाकला, डायनामोचा बोल्ट सरकवून ताण दिला. फार ताणू नका, डायनामोचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं.

हा आवाज चालू झाल्या झाल्याच का यायचा आणि मिनिटभरात का थांबायचा, ते पण कळलं. सेल्फने बॅटरीतून जे ओढलं ते भरून काढायला डायनामो पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त जोर लावतो, म्हणजे पट्ट्यावर सगळ्यात जास्त ओढ तेव्हा. सकाळचा दमटपणा वेगळाच. पट्टा घसरतो, चीं करतो. ओढ कमी झाली की आवाज थांबतो, पण मोठे दिवे लावले की पट्टा थोडा थोडा घसरतच राहतो आणि बॅटरी पोटभर जेवत नाही. जुन्या पट्ट्यावर गाडी चालू ठेवून, दिवे लावून मीटर घेतला होता तेव्हा १३.२ होता. नवीन पट्ट्यावर १४.२. मला वाटतं पहिली बॅटरी पण या पट्ट्यानेच उपाशी मारली. ६२०० रुपये.

इथेच गोष्ट संपली असती तर मी कदाचित लिहिलं पण नसतं.

जूनच्या मधल्या आठवड्यात तिसरा आवाज. चावी मारली की "घुंईंईं". सेल्फ फिरतोय, जोरात फिरतोय, पण इंजिन जागचं हलत नाही. दोन-तीन वेळा मारल्यावर एकदा धरायचं. हा आवाज मात्र मला कसाबसा ऐकू आला, कारण इंजिन बंदच होतं. मिस्त्रीकडे नेली. त्याने सेल्फ खाली उतरवला, बेंडिक्स हातात घेऊन फिरवून दाखवलं. ते लहान दातेरी चाक एकाच बाजूला मोकळं फिरायला पाहिजे. ते दोन्हीकडे मोकळं फिरत होतं. म्हणजे मोटर फिरते पण दाते फिरत नाहीत.

मिस्त्री म्हणाला, "काका, गाडी कोण चालू करतं? गाडी चालू झाल्यावरही कोणीतरी चावी धरून ठेवतं बघा. इंजिन चालू झालं की ते उलट सेल्फलाच ओढायला लागतं. बेंडिक्समधला क्लच ते सहन करतो म्हणून मोटर वाचते, पण रोज रोज किती सहन करणार?"

पोरगा शेजारीच उभा होता. मी मिस्त्रीसमोर, आणि तिथे आमच्या गावचे आणखी दोघं होते त्यांच्यासमोर, पोराला बोललो. नको ते बोललो. मोबाईल बघत चावी मारतोस, गाडीची किंमत नाही, बापाचे पैसे आहेत, असं. तो काही बोलला नाही. येताना रस्त्यात पण नाही. बेंडिक्सला मजुरीसकट १७०० गेले.

रात्री त्याची आई म्हणाली, "पोराला बोललात म्हणे चार माणसांत."

"मग? चावी धरून ठेवतो."

"तो नाही धरत. तुम्ही धरता. मला गोठ्यातून कळतं की गाडी कोणी चालू केली. तुमच्या वेळी शेवटी ते घुंईं होतं. त्याच्या वेळी नाही होत."

मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी पोराला गाडीत शेजारी बसवलं. म्हटलं, इंजिन चालू झालं की माझ्या हातावर टिचकी मार. चावी फिरवली. त्याने टिचकी मारली तेव्हा माझ्या हिशोबाने इंजिन अजून चालू झालेलंच नव्हतं. दोन-तीनदा करून बघितलं. दीड-दोन सेकंदांचा फरक. मग माझ्या लक्षात आलं, मी आवाजावर चावी सोडतच नव्हतो. सीट थरथरली की सोडत होतो. इंजिनने उचल खाल्ली की सेल्फचा जो बारीक किंचाळल्यासारखा आवाज होतो, तो मला ऐकूच येत नव्हता.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका छोट्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटन दाबायचं. कागदावर रेघ निघते. माझी रेघ सुरुवातीला बरी, पुढे विहिरीत पडल्यासारखी खाली गेली, आणि शेवटी थोडी वर आली. डॉक्टरांनी त्या खड्ड्यावर पेन ठेवलं, ४००० हर्ट्झ. पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" मी म्हटलं शेती. म्हणाले, "ट्रॅक्टर? ब्लोअर?"

मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा पहिला मार बहुतेक याच जागी बसतो, असं ते म्हणाले. जाड आवाज ऐकू येत राहतात, बारीक जातात. म्हणून माणसाला आपलं काही गेलंय हे कळत नाही. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ-आठ तास काढले तर धोका सुरू होतो, आणि आवाज जितका मोठा तितका वेळ कमी पुरतो. कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. औषध नाही. मशीन लावायचं की नाही ते पुढच्या वर्षी परत तपासून बघू म्हणाले.

मी हिशोब केला. तीस वर्षं ट्रॅक्टर, त्यातली बरीच केबिन नसलेल्या, फाटक्या सायलेन्सरच्या. पंधरा वर्षं भाड्याने मळणी मशीन. आठ-नऊ वर्षं ब्लोअर. रोज सकाळ-संध्याकाळ कडबा कुट्टी. औषध मारताना तोंडाला रुमाल बांधला, हातात मोजे घातले, कानाला कधी काही लावलं नाही. कोणी सांगितलं पण नाही, आणि सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आणखी एक गोष्ट. गेली काही वर्षं मी लोकांना सांगत होतो की औषधं मारून मारून आमच्या शिवारातले रातकिडे संपले, रात्री आवाजच येत नाही. यावर मी इथे एकदा लिहिलं पण होतं, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, बऱ्याच जणांनी होकार भरला होता. त्या रात्री अंगणात बसून पोराच्या आईला विचारलं, रातकिडे वाजतात का गं? ती म्हणाली, "वाजतात की. आत्ता पण वाजतायत."

ते जुनं लिखाण मी मागे घेतो.

पोराला माफी मागायची आपल्याकडे पद्धत नाही. मी त्याच्यासमोर मिस्त्रीला फोन लावला आणि सांगितलं, चावी मी धरून ठेवत होतो, पोराची चूक नव्हती, त्या दिवशी जे दोघं होते त्यांना भेटले तर हे सांग. मिस्त्री हसला. पोरगा उठून बाहेर गेला, पण संध्याकाळी मीटर घेऊन आपणहून बॅटरी तपासत होता.

मला अजून दोन-तीन आवाज माहीत आहेत, ते पण लिहून टाकतो. "कर्रर्र" असा दातावर दात घासल्यासारखा आवाज आला तर इंजिनच्या रिंगचे दाते एखाद्या जागी गेलेले असू शकतात. चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक ठरावीक जागीच थांबतं, म्हणून दाते तिथेच झिजतात. चावी काढून गाडी टॉप गिअरला टाकायची, हाताने थोडी पुढे ढकलायची, परत न्यूट्रल करून सेल्फ मारायचा. बिनातक्रार घेतला तर संशय रिंगवर. मग गिअरबॉक्स उतरवायचं मोठं काम आहे, हंगाम संपल्यावर करा पण विसरू नका. थंडीत डिझेल गाडी चालू झाल्यावर थोडा वेळ खडखडते आणि गरम झाली की शांत होते, त्याला घाबरायचं कारण नाही, हीटर प्लग तेवढे तपासा. पण खडखड आणि सोबत ऑइलचा लाल दिवा जात नसेल तर लगेच बंद करायची. ऑइलची काठी बघितल्याशिवाय परत चावी लावायची नाही. आणि पेरणीच्या दिवसात ब्लोअरच्या जाळीत खरखर वाजलं तर आधी उंदीर. आमच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात ओंजळभर बाजरी निघाली होती.

पण आवाज कसा आहे यापेक्षा कधी येतो ते आधी बघा. चावी फिरवताना, सेल्फ फिरताना, इंजिन धरताना, की चालू झाल्यावर? आणि गरम गाडीला येतो की थंड? मिस्त्रीला एवढं नीट सांगितलं तरी त्याचं निम्मं काम होतं. मोबाईलवर रेकॉर्डिंग करून न्या, कारण गॅरेजला नेईपर्यंत गाडी गरम होते आणि तिथे ती शहाण्यासारखी वागते. आणि पन्नाशीच्या पुढचे असाल तर एकट्याच्या कानावर जाऊ नका. घरातल्या पोराला नाहीतर बाईमाणसाला बॉनेटजवळ उभं करा. पदर, ओढणी, उपरणं पट्ट्यापासून लांब, तेवढं सांभाळा.

ब्लोअर आणि कुट्टीसाठी हेडफोनसारखे कानावर बसणारे बोळे आणलेत, दोन जोड, एक पोराला. त्याने आधी तोंड वाकडं केलं, आता घालतो. गडी घालत नाही अजून. त्याला डॉक्टरांचा कागद दाखवला तर म्हणाला, मालक, तुमचं वय झालं.

चावी सोडायला मिस्त्रीने मला एक युक्ती सांगितली. आवाज ऐकू येत नाही ना, मग डोळ्याने बघा. चावी फिरवली की समोर बॅटरीचा लाल दिवा लागतो. इंजिन चालू होऊन डायनामो चार्ज करायला लागला की तो विझतो. दिवा विझला की बोट सोडा. तेव्हापासून मी दिव्याकडे बघून गाडी चालू करतो.

काल रात्रभर गाडी पावसात उभी होती. आज सकाळी पेंड आणायला निघालो, चावी मारली, दिवा विझला, बोट सोडलं. मग काच खाली करून गोठ्याकडे बघितलं. तिने धार काढता काढता मान हलवली, नाही वाजत.